बाळ पेटीत आहे तोवर आईला डिस्चार्ज देऊ नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आरोग्य सेवा आयुक्त,
आणि राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक व स्त्री रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

विषय : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांची रुग्णालयातली सोय आणि त्यांचं दूध

महोदय,

माझी बहुतेक सगळी नोकरी सरकारी रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात, गेली. परिसेविका म्हणून निवृत्त झाले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मी जे पाहिलं तेच जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माझ्या सहकारी सिस्टर मला सांगत आल्या आहेत, त्यामुळे एका इमारतीवर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. बाळ एसएनसीयूमध्ये दाखल आहे तोवर त्याच्या आईला डिस्चार्ज देऊ नये. तिचं नाव रजिस्टरवर राहावं. तिला कॉट मिळावी, दोन्ही वेळचं जेवण मिळावं, आणि दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी दूध काढायला आडोशाची जागा व शिकवणारं माणूस मिळावं. पुढे जे लिहिते आहे ते या मागणीमागचं कारण आहे.

सध्या काय होतं? २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, औषधं मोफत, गाडी मोफत आणि मुक्कामात जेवणही मोफत झालं. घरी बाळंत होणाऱ्या कितीतरी बायका या योजनेमुळे दवाखान्यात आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या योजनेत बाळंतिणीच्या जेवणाची मुदत साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस अशी आहे. पूर्ण दिवसांचं बाळ कुशीत घेऊन घरी निघालेल्या बाईसाठी ती पुरेशी आहे. पण जिचं बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं तिचं काय? बाळ महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, आमच्याकडे राहतं. बाळावरचे उपचार मोफत चालू राहतात. आईच्या हातात मात्र चौथ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड येतं आणि त्या क्षणापासून ती रुग्णालयाच्या लेखी नातेवाईक होते. भेटीच्या वेळेत आत यायचं, बाकी वेळ बाहेर थांबायचं.

आता शरीराचं वेळापत्रक बघा. वार पडली की दूध तयार होण्याची प्रक्रिया खऱ्या अर्थाने सुरू होते. आधी थोडा थोडा चीक येतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या बाईत याला आणखी उशीर होऊ शकतो. तिच्या शरीराची तयारी पूर्ण व्हायच्या आत बाळ बाहेर आलेलं असतं. बऱ्याच जणींचं रक्तदाब वाढल्यामुळे घाईघाईने सिझेरियन झालेलं असतं, आणि बाळ जगेल की नाही ही धास्ती असतेच. पूर्ण दिवसांचं बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा ओढतं आणि त्या ओढण्यानेच पुढचं दूध तयार होतं. आमच्या बाळांना ते जमत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बसायला साधारण बत्तीस ते चौतीस आठवडे पूर्ण व्हावे लागतात. तोवर बाळाचं काम आईच्या हातांनी किंवा पंपाने करावं लागतं. ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवं, आणि रात्रही सोडून चालत नाही. छाती रिकामी होत राहिली तर दूध वाढतं. साठून राहिलं तर शरीर समजतं की गरज नाही, आणि दूध आटायला लागतं. पुढचे कित्येक महिने किती दूध येणार, याचा पाया पहिल्या दोन आठवड्यांत घातला जातो.

म्हणजे दूध उतरण्याच्या ऐन वेळी आपण तिला बाहेर काढतो. पंधरा दिवस मेहनत घ्यायची असते आणि त्यातले दहा-अकरा दिवस ती दवाखान्याच्या हिशेबातच नसते.

एका बाईबद्दल सांगते. ऊसतोडीच्या टोळीतली होती. कोपीवर असतानाच कळा सुरू झाल्या, सातवा महिना चालू होता. बाळ एक किलो दीडशे ग्रॅमच्या आसपास. पहिल्या संध्याकाळी तिला मी स्टुलावर बसवलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, कोमट पाण्याचा फडका छातीवर ठेवला आणि शिकवलं : काळ्या भागाच्या कडेला अंगठा वर, दोन बोटं खाली. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. तिच्या तळहातांना कोयत्याचे घट्टे होते आणि एवढ्या नाजूक जागी तो हात लावायला ती बिचकत होती. मग पिवळाजर्द, चिकट असा एक थेंब स्तनाच्या टोकाशी येऊन थांबला. वाटीत पडला असता तर वाटीलाच चिकटून वाया गेला असता, म्हणून मी तो थेट एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घेतला. असं करत करत अर्धा मिली भरला. तो आम्ही बाळाच्या गालांच्या आतल्या बाजूला लावला. नाकातोंडात नळ्या असलेल्या त्या बाळाने जीभ हलवली. आईने ते पाहिलं आणि दुसऱ्या वेळी ती मी सांगायच्या आधीच हात धुऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी झाली, दूध येऊ लागलं. चौथ्या दिवशी तिला डिस्चार्ज मिळाला. उचल घेतलेली असल्यामुळे नवऱ्याला टोळीबरोबर परत जावं लागलं. ती आणि तिची आई जिन्याखाली सतरंजी टाकून राहिल्या. टाके ओले असताना ती फरशीवर निजत होती. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कुणी डबा वाटायला आलं तर डबा, नाहीतर गाडीवरचा वडापाव. दिवसा ती यायची तेव्हा आम्ही दूध काढून घ्यायचो. रात्री वॉर्डचं दार बंद व्हायचं आणि रखवालदाराच्या हुकमाप्रमाणे ते सकाळीच उघडायचं. त्या सात-आठ तासांत छाती दाटून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण जिन्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांसमोर ती पदर कसा बाजूला करणार? मग गाठी झाल्या, ताप आला. दुसरा आठवडा संपायच्या आत तिचं दूध निम्म्याच्याही खाली गेलं. केस पेपरवर पावडरचं दूध लिहिलं गेलं. बाळ वाचलं आणि घरी गेलं, पण बाटलीवर गेलं. जाताना तिची आई मला म्हणाली, "हिच्या अंगात दूधच नव्हतं, सिस्टर." मी त्यांना सांगितलं की होतं, मी माझ्या हाताने सिरिंजमध्ये घेतलं आहे.

हे वाक्य मी इतक्या आयांबद्दल ऐकलं आहे की आता ते मला सहन होत नाही. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी आमच्यातलीच एखादी सिस्टर म्हणते. तिला दूध नव्हतं. खरं तर ते काढायला तिला जागा नव्हती, वेळ नव्हता, पोटात अन्न नव्हतं. दोष मात्र तिच्या शरीराला लागतो आणि ती तो आयुष्यभर बाळगते.

सुरुवातीला बाळाला दूध किती लागतं, हेही लोकांना माहीत नसतं. बाराशे ग्रॅमच्या बाळाला आपण सुरुवात करतो ती दर दोन तासांनी साधारण दोन मिलीने, नळीतून. दिवसाचे चोवीस मिली, म्हणजे पाच चमचेसुद्धा होत नाहीत. आतडी ते पचवू लागली की हळूहळू वाढवत नेतो, आणि पूर्ण आहारावर आलं तरी त्या वजनाला दिवसाला साधारण १८० मिली पुरतं. नीट मदत मिळालेली बाई दोन आठवड्यांत दिवसाला अर्धा लिटर दुधापर्यंत पोचू शकते. तेव्हा दूध पुरत नाही असं पहिल्या दोन-तीन दिवसांत जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा दोन मिली चीक काढायला कुणी बसलं नाही म्हणून लिहिलं जातं. सिरिंजच्या तळाशी दिसणारा तो पिवळा ठिपका बघून घरचे लोक नाक मुरडतात. पण त्या वयाच्या आतड्याला झेपतं तेवढंच असतं ते.

आणि या बाळांसाठी ते नुसतं अन्न नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला एक भयंकर आजार होतो, डॉक्टर त्याला नेक म्हणतात. आतड्याचा भाग सडायला लागतो. पोट फुगतं, नळीतून हिरवं येतं, शौचातून रक्त जातं, आणि आदल्या दिवशी बरं असलेलं बाळ काही तासांत हाताबाहेर जातं. हा आजार आईच्या दुधावरच्या बाळांना कमी होतो आणि पावडरच्या दुधावरच्या बाळांना जास्त. आपल्या ऐपतीत असलेला त्याच्यावरचा सर्वांत भरवशाचा बचाव आईचं दूधच आहे. लवकर बाळंत झालेल्या बाईच्या पहिल्या आठवड्यांतल्या दुधात प्रथिनं जास्त असतात आणि जंतूंशी लढणारी द्रव्यंही जास्त असतात. फार लहान बाळांना त्यात वरून काही पोषक घटक मिसळावे लागतात, ते डॉक्टर ठरवतात. पण मिसळायला आधी दूध हवं.

हे सगळं आपल्या राज्याला नवीन नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली. आशियातली पहिली दूधपेढी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मातांच्या दानातून आलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवायचं आणि ज्यांच्या आईचं दूध अजून मिळत नाही त्या बाळांना द्यायचं, हे काम तिथे तेव्हापासून चाललं आहे. स्तनपानासाठी देशभर झटणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. त्यांचा १९९९ सालचा अभ्यास जगभर वाचला गेला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. ज्या राज्यात ही कामं उभी राहिली, त्या राज्यात जिन्याखाली दूध आटावं याचा मला राग येतो.

दूधपेढ्या वाढवा, जरूर वाढवा. केंद्राच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या रुग्णालयांत पेढीसह केंद्र, त्याखालच्या ठिकाणी आईचं दूध तिच्याच बाळासाठी काढून साठवण्याचं युनिट आणि प्रत्येक बाळंतपणाच्या ठिकाणी स्तनपानाला मदत, अशी रचना सांगितलेली आहे. पण एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. पेढीतलं दूध हे आईचं दूध येईपर्यंतचा आधार आहे. तापवल्यावर त्यातलं काही बळ कमी होतं. आई पाच पावलांवर असताना, तिची छाती भरलेली असताना, तिच्या बाळाला दुसरीचं दूध द्यावं लागणं ही आपल्या व्यवस्थेची नामुष्की आहे. फीत कापण्यासाठी मशीन सापडतं. आईच्या कॉटची फीत कुणी कापत नाही, म्हणून ती कॉट कुठल्याच आराखड्यात येत नाही.

वरिष्ठांपुढे मी हा विषय काढला की पहिलं उत्तर यायचं ते जंतुसंसर्गाचं. आया आत राहिल्या तर बाळांना संसर्ग होईल. या भीतीला उत्तर मिळालं आहे आणि ते उत्तर देणाऱ्या रुग्णालयांत एक आपल्या देशातलं आहे. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया इथली रुग्णालयं मिळून जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठा अभ्यास केला. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं त्यात होती. एका गटातल्या बाळांना जन्मानंतर लगेच, तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या बाईच्या छातीला लावून ठेवलं. त्यासाठी आईची कॉटच अतिदक्षता कक्षात आणली. दुसऱ्या गटाला नेहमीसारखी पेटी. पहिल्या गटात २८ दिवसांच्या आत १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. संसर्गही आईजवळच्या बाळांमध्ये कमी निघाला, जास्त नाही. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यानुसार आपल्या शिफारशी बदलल्या. आई आणि बाळ एकाच कक्षात ठेवणाऱ्या युनिटची कल्पना आता आपल्या केंद्र सरकारनेही उचलली आहे.

आमच्या बाळांना संसर्ग झालेले मी पाहिले, तेव्हा कारणं वेगळी होती. एका वॉर्मरवर दोन बाळं, हात धुवायच्या बेसिनला पाणी नाही, पाळीला एक सिस्टर आणि तिच्याकडे नियमात बसतात त्याच्या दुप्पट-तिप्पट बाळं. उलट आई जवळ असली की सिस्टरची निम्मी कामं ती करते. लंगोट बदलते, नळीतून दूध जाताना सिरिंज धरते, बाळाचा रंग बदलला तर आधी तिला कळतं. शिकवलेल्या आया एकमेकींना शिकवतात. दूध कसं काढायचं हे नव्या बाळंतिणीला माझ्यापेक्षा शेजारच्या कॉटवरच्या बाईकडून लवकर उमगतं, कारण तिच्यापुढे लाज वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला बांधकाम लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात बाई बाळंत होते, बाळ लहान म्हणून १०८ ची रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि बाळ बापाच्या हाती जिल्ह्याला येतं. आई तिकडेच. सिझेरियन असेल तर आठवडाभर ती बाळाचं तोंडही पाहत नाही. एक बाप मला आठवतो, रोज पहाटेच्या एसटीने स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, त्यात छोट्या वाटीत चीक घेऊन यायचा. डबा माझ्या हातात देताना तो आधी झाकण उघडून सांडलं नाही ना ते बघायचा. तिथल्या सिस्टरने त्याला ही युक्ती सांगितली होती. तिचं नाव मला कधी कळलं नाही, पण तिने त्या बाळावर केलेले उपकार मोठे आहेत. प्रत्येक ठिकाणी अशी सिस्टर नसते. तेव्हा नियमच करा. बाळ रेफर झालं तर आईही त्याच गाडीत, किंवा तिची तब्येत प्रवास करण्याजोगी होताच लगेच, त्याच रुग्णालयात दाखल झाली पाहिजे. शक्य तिथे बाळ जन्मण्याआधीच, पोटात असताना, तिला मोठ्या ठिकाणी हलवा. बाळासाठी आईच्या पोटातल्याइतका सुरक्षित प्रवास दुसरा नाही.

पैसे कुठून आणायचे, हे आपण विचाराल. त्याचं उत्तरही आपल्याच खात्यात आहे. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की त्याच्या आईला तिथे राहता येतं, जेवण मिळतं, आणि बुडीत मजुरीही मिळते. मूल बरं व्हायचं तर आई उपाशी आणि काळजीत असून चालणार नाही, हे शासनाने तिथे मान्य केलेलं आहे. मग हाच न्याय एक किलोच्या बाळाच्या आईला का नाही? ती तर बाळाचं औषध स्वतःच्या अंगात तयार करते आहे. ऊस तोडणारी, वीटभट्टीवरची, शेतमजूर बाई महिनाभर रोज बुडवून दवाखान्यात राहू शकत नाही. तिला रोज दिला तर ती राहील.

काही जणी तरीही राहू शकणार नाहीत. घरी दोन वर्षांचं मोठं लेकरू असतं, म्हातारी सासू आजारी असते. त्यांना बोल लावू नका. त्यांना घरी दूध काढायला शिकवा, एक स्वच्छ झाकणाची वाटी द्या, साध्या तापमानाला ते चार तास आणि फ्रीजमध्ये एक दिवस टिकतं हे सांगा, एसटीचा पास द्या, आणि कुठल्याही वेळी आली तरी दार उघडेल याची हमी द्या. दोन वेळा आली तरी चालेल. दिवसाला पाच मिली आणलं तरी ते घ्या आणि तिच्या देखत बाळाला द्या.

आणि काहींना सगळं करूनही पुरेसं दूध येत नाही. जुळी-तिळी असतात, बाईला रक्तस्राव झालेला असतो, थायरॉइड असतं. त्या वेळी पावडर लागली तर ती डॉक्टरांनी लिहावी, त्यात पाप नाही. मला धास्ती वाटते ती दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, भिंतीवर लागणाऱ्या पोस्टरची. आईचं दूध अमृत आहे असं लिहिलेलं असतं आणि गुटगुटीत बाळ पाजणाऱ्या बाईचा फोटो असतो. त्या भिंतीला टेकून आमची बाई बसलेली असते, जिचं बाळ पेटीत आणि छाती कोरडी पडत चाललेली. तिला त्यातून एवढंच कळतं की आपण अमृत देऊ शकलो नाही. पोस्टर छापण्याआधी तिला एक खुर्ची आणि पडदा द्या.

खासगी रुग्णालयांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथलं मला आतून माहीत नाही. पण तिथून आमच्याकडे हलवलेली बाळं यायची तेव्हा पिशवीत पावडरचा डबा असायचा आणि आईच्या छातीला हात कुणी लावू दिलेला नसायचा. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यातून प्रचार, यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली, आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो कायदा राबवणं हे आपलं काम आहे. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक नवजात कक्षातून किती बाळं आईच्या दुधावर घरी गेली, हा एक आकडा सरकारी आणि खासगी दोन्हींकडून दरमहा मागा. आपण जो आकडा मागता, त्याकडे जिल्ह्यात लक्ष दिलं जातं. मी इतकी वर्षं रिपोर्ट भरले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगते.

घरी गेल्यावरही लढाई संपत नाही. हे बाळ ओढता ओढता थकतं आणि पोट अर्धं असतानाच झोपी जातं. त्याला दर दोन तासांनी उठवावं लागतं, अंगावर पाजून वर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने काढलेलं दूध द्यावं लागतं. घरात कुणी मध चाटवायला, घुटी द्यायला टपलेलं असतं. इथे आशाताईचा आधार मोठा असतो. अशा बाळांसाठी तिच्या भेटी वाढवल्या जातात, पण दाटलेली छाती मोकळी कशी करायची आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ अंगाला कसं लावायचं, हे तिला स्वतःला हाताने करून दाखवलेलं असेल तरच त्या भेटीचा उपयोग. तिला एसएनसीयूत चार दिवस बसवा. पुस्तकातून हे येत नाही.

२०२० साली भारतात सुमारे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वांत जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुलं ४१.८ टक्केच. बाई आपल्या दारापर्यंत आली, आपल्या टेबलावर बाळंत झाली, आणि तरी पहिल्या तासात बाळ तिच्या अंगाला लागलं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळांसह ही स्थिती असेल, तर पेटीतल्या बाळांची काय असेल याचा अंदाज आपण करू शकता.

काही रुग्णालयांत आयांची चांगली सोय आहे, हे मी नाकारत नाही. एखाद्या मॅडमनी किंवा सरांनी मनावर घेऊन जुना वॉर्ड रिकामा केला, दानशूर लोकांकडून जेवणाची व्यवस्था केली, एका सिस्टरला फक्त दुधाच्या कामावर बसवलं. तिथे फरक लगेच दिसतो. पण त्या मॅडमची बदली झाली की कॉट परत स्टोअरला जातात आणि ती सिस्टर परत जनरल वॉर्डला. माणसाच्या चांगुलपणावर चालणारी गोष्ट त्या माणसाबरोबर जाते. म्हणून मी शासन निर्णय मागते आहे.

येत्या १७ नोव्हेंबरला जागतिक प्रीमॅच्युरिटी दिन पाळला जाईल. त्याआधी हा निर्णय काढा. त्यात एवढं लिहा : एसएनसीयूत दाखल असलेल्या बाळाची आई बाळाच्या डिस्चार्जपर्यंत रुग्णालयात दाखल मानली जाईल, तिला जेवण आणि बुडीत मजुरी मिळेल, बाळ रेफर झाल्यास तीही रेफर होईल, आणि कक्षाचं दार तिच्यासाठी चोवीस तास उघडं राहील. जागेची आणि माणसांची तयारी व्हायला वेळ लागेल, तो घ्या. पण दार उघडं ठेवायला कुठलाच निधी लागत नाही. ते आज रात्रीपासून उघडा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका